अण्णांची रंगीत तालीम

मेलेल्या माणसाचं काम मी एकदा केलेलं आहे. बेंगळुरूच्या राजाजीनगरात, एका रविवारी सकाळी, पोटभर इडल्या खाऊन. काम तसं सोपं होतं. कॅनव्हासच्या जुन्या स्ट्रेचरवर सरळ पडून राहायचं आणि दुसऱ्या मजल्यावरून खाली रस्त्यापर्यंत जायचं. उचलायला तळमजल्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातले दोघे होते. पहिल्याच वळणावर स्ट्रेचर तिरकं झालं, जिन्यातली पोकळी एकदम माझ्या कानाशी आली आणि मी दोन्ही हातांनी कठडा धरला. ते दोघे ओढताहेत, मी सोडत नाही. वरच्या पायरीवर आमचे घरमालक उभे होते. ते ओरडले, "ओ निपाणीकर! मढं कठडा धरत नाही!"

घरमालकांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची, म्हणून आम्हीही अण्णाच म्हणायला लागलो. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा लष्कराबरोबर इकडे आलं ते परत गेलंच नाही. मी निपाणीहून नोकरीसाठी आलेला. "आम्ही घोड्यावरून आलो, तुम्ही स्लीपर कोचमधून. फरक एवढाच," असं ते म्हणायचे, पण तो फरक दर दोन-चार दिवसांनी सांगायचे. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलं होतं की एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. 'सरी' म्हणजे ठीक, 'स्वल्प' म्हणजे जरासं, आणि 'आयतु' म्हणजे झालं, विषय संपला. माझ्या बायकोला ते अक्का म्हणत. ती त्यांच्याहून तीसेक वर्षांनी लहान होती, पण घर तीच चालवते हे त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.

त्यांची सगळी नोकरी एका मोठ्या कारखान्याच्या अग्निशमन विभागात झाली. एवढ्या वर्षांत खरी आग त्यांनी दोनदाच पाहिली, आणि त्यातली एक कॅन्टीनच्या कढईत लागलेली. आगीची तालीम मात्र दर महिन्याला. घंटा झाली की सगळा कारखाना रांगेनं मैदानात यायचा, अण्णा शिट्टी फुंकायचे, कारखाना परत आत जायचा. निवृत्त झाल्यावर मैदान गेलं, माणसं गेली, शिट्टी तेवढी गळ्यात राहिली. ती ते अंघोळीलाच काय ती काढत असावेत. आणि तालीम घ्यायला आता आम्ही होतो.

घर भाड्यानं देण्याआधी त्यांनी आम्हाला एक रविवार तिथे राहायला लावलं होतं. "पाणी कधी जातं, समोरच्यांचा मिक्सर कधी लागतो, वरचा माणूस, म्हणजे मी, किती खोकतो, सगळं बघा. मग ॲडव्हान्सचं बोलूया की." आम्ही चटया, एक कुकर आणि तान्ही सई घेऊन त्या रिकाम्या घरात एक दिवस काढला. संध्याकाळी ते खाली येऊन म्हणाले, "तुमची मुलगी दोनदाच रडली. सरी, घर तिला आवडलं." पुढे सईची शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी आम्ही सगळे दप्तर-डबा घेऊन बंद गेटपर्यंत चालत गेलो. तिथे अण्णांनी शिट्टी वाजवली आणि सईला सांगितलं, "आता रड." ती हसली. सोमवारी त्या गेटपाशी यच्चयावत पोरं भोकाड पसरून होती, आणि आमची सई तेवढी त्यांच्याकडे नवलानं बघत उभी होती.

"जे काम एकदा केलं," अण्णा म्हणायचे, "ते पुढच्या वेळी आपल्याला ओळखतं."

आता त्या स्ट्रेचरचं. अण्णांच्या पत्नी गेल्या तेव्हा जिन्याच्या त्या वळणावर त्यांना उभं करावं लागलं होतं. ते अण्णांना आवडलं नव्हतं. याहून जास्त ते त्याविषयी कधी बोलले नाहीत. कारखान्याच्या लिलावातून घेतलेलं स्ट्रेचर त्यांच्याकडे पडून होतं, ते काढलं, माझी उंची साधारण त्यांच्याएवढी म्हणून मला झोपवलं, आणि कुठे अडकतं ते पाहिलं. नंतर मिस्त्री बोलावून कठड्याचा कोपरा कापून घेतला. स्वतःच्या मरणाची एवढी चोख तयारी केलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि गंमत अशी, की ती तयारी वाया गेली. अण्णा जयनगरला मुलीकडे गेले असताना गेले. बैठं घर, अंगणात सपाट फरशी. एक पायरीसुद्धा उतरावी लागली नाही. कापलेल्या कोपऱ्याचा उपयोग पुढे वरच्या नव्या भाडेकरूंचा फ्रिज चढवताना झाला. हमाल म्हणाला, "कुणी केलंय हे? शहाणा माणूस दिसतो." मी म्हटलं, "होता."

पण त्या रविवारी कठड्याचं काम संपलं तरी अण्णा माझ्या हातांकडे बघत राहिले होते. बोटं पांढरी पडली होती. त्यांनी काही विचारलं नाही. मीही काही बोललो नाही. न बोलणं हा माझा जन्माचा धंदा आहे. आमच्या घरी बोलायचं काम बाकीचे करतात, मी मान हलवतो.

म्हणून आता सांगतो ते जरा नीट सांगतो.

मला उंचीची भीती वाटते. का, ते माहीत नाही. लहानपणी कुठून पडलो वगैरे काही नाही. पण गच्चीच्या कडेशी मी जात नाही, व्हाइटफील्डच्या ऑफिसात काचेच्या लिफ्टमध्ये दाराकडे तोंड करून उभा राहतो, आणि मेट्रो उंचावरून जाते तेव्हा मोबाइलमध्ये डोकं घालतो. बाईमाणसाला, लेकराला हे कसं सांगायचं, म्हणून कधी सांगितलं नाही. आणि आमच्या सईला शाळेत जायला लागल्यापासून एकच गोष्ट हवी होती: शहराबाहेरच्या त्या मोठ्या पार्कमध्ये जायचं. आकाशपाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, लाटांचा तलाव. वर्गातली सगळी जाऊन आलेली. ही त्यांच्याकडून ऐकून घरी येऊन मला पाळण्यांची नावं पाठ म्हणून दाखवायची.

माझ्याकडे सबब होती, पैशांची. सबब खोटी नव्हती, हीच तिची सोय होती. निपाणीच्या घराचे हप्ते, आईची औषधं, सईची फी. पार्कचं एकेक तिकीट ऐकूनच माणूस घामाघूम व्हावा. "पुढच्या वर्षी," मी म्हणायचो, आणि हे 'पुढच्या वर्षी' तीन वर्षं चाललं. एवढंही माफ करता आलं असतं. पण चौथीत शाळेची सहल तिथेच निघाली. सईनं चिठ्ठी आणून माझ्यापुढे धरली. शाळेबरोबर गेली तर आपली कायमची सुटका, हे कळायला हवं होतं मला. पण मला वाटलं, ती परत येऊन म्हणेल, आता तुम्ही चला, मी दाखवते. म्हणून मी म्हटलं, "शाळेबरोबर कशाला? आपण सगळे मिळून जाऊ की. पहिल्यांदा आपणच जाऊ." तिला ते खरं वाटलं. मैत्रिणींना तिनं ऐटीत सांगितलं, आम्ही घरचे जाणार आहोत. सहलीच्या दिवशी ती घरी बसून चित्रं काढत होती. मी ऑफिसला गेलो.

सई सहावीत गेली आणि अण्णांनी या प्रकरणात लक्ष घातलं.

झालं असं, की पार्कमध्ये ठरावीक उंचीच्या आतल्या मुलांना कमी दराचं तिकीट असतं. हा शोध माझ्या बायकोला लागला. तिनं जिन्यातल्या भिंतीवर खडूनं ती उंची मारून ठेवली आणि सईला तिथे उभं केलं. बोटभर जागा उरली होती. "अहो, ही वाढायच्या आत जाऊन येऊ या. नाहीतर मोठ्यांचं तिकीट पडेल," ती म्हणाली. पैशाच्या सबबीला पैशाचंच उत्तर. मी मान हलवली आणि गप्प बसलो. खडूची रेघ दोन महिने तशीच राहिली, आणि सई वाढली.

एका संध्याकाळी अण्णा जिना चढताना थांबले. सई रेघेपाशी उभी होती, गुडघे किंचित वाकवून.

"काय चाललंय?"

"अण्णा, असं उभं राहिलं तर चालेल का?"

"बेडा, नको. वाकून उभं राहायचं नाही," अण्णा म्हणाले. "वाढलीस हा काय गुन्हा आहे? मोठ्यांचं तिकीट काढूया की." मग माझ्याकडे वळून, "काय हो निपाणीकर, कधी जायचं?"

"बजेट बसत नाही, अण्णा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. जिन्यात अंधार होता, पण मला वाटतं, ते माझ्या हातांकडेच बघत होते.

"सरी," ते म्हणाले. "मग बजेट बसवूया."

पुढचे काही आठवडे त्यांनी माझी एकेक सबब हातात घेतली, झटकली आणि घडी घालून बाजूला ठेवली. मी म्हटलं तिकीट महाग. ते म्हणाले, शनिवार-रविवारी महाग, आडवारी कमी, आणि सईच्या शाळेला एक आडवारची सुट्टी येते आहे. शिवाय त्यांना स्वतःला ज्येष्ठ नागरिकाची सवलत होती. "तुम्ही येणार?" मी विचारलं. "म्हणजे काय? तालीम मी घेणार आणि प्रयोगाला तुम्ही एकटे?" मी म्हटलं टॅक्सी परवडत नाही, ते म्हणाले, मॅजेस्टिकच्या बसस्टँडवरून सरळ बस आहे, आणि खरोखरच जाऊन, शेवटच्या थांब्यापर्यंत बसून, परत आले. मी म्हटलं आत बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, आणि आतलं आपल्याला झेपणारं नाही.

"पोटात नेऊया," अण्णा म्हणाले.

"म्हणजे?"

"चपात्या, बटाट्याची भाजी, दहीभात. गेटाबाहेर झाडाखाली बसून खायचं आणि मग आत. पोट कोण तपासतंय?"

पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे लागतात, भाड्यानं घेतले तर त्याचे वेगळे पैसे. अण्णांनी जुने कपडे गोळा करायला लावले आणि गच्चीवर नळी सोडून आम्हा तिघांना एकेकाला भिजवलं. कोणता कपडा जड होतो, कोणता अंगाला चिकटतो. समोरच्या गच्चीवरच्या बाई वाळवण टाकायची थांबून बघत राहिल्या. अण्णांनी त्यांना कन्नडमध्ये सांगितलं, "काही नाही, हे सहलीला जाताहेत." बाईंनी मान डोलावली, जणू सहलीला जाणारी माणसं असंच करतात.

आणि मग रांगेची तालीम. अण्णांचं म्हणणं, पार्कमध्ये पाळण्यात माणूस दोन मिनिटं बसतो आणि रांगेत तासभर उभा राहतो. म्हणून तयारी रांगेची करायला हवी. भर उन्हात गच्चीवर खुर्च्या मांडून त्यांनी नागमोडी वाट केली, त्यात आम्हाला उभं केलं, मोबाइल काढून घेतले आणि शिट्टी वाजवली.

"अण्णा, इथे पुढे कोणीच नाही," सई म्हणाली.

"आहेत असं समज. चार बसभर लोक आहेत. शिस्तीत."

थोडा वेळ बरा गेला. मग ऊन लागायला लागलं, आणि रिकाम्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांनी जे करायचं तेच आम्ही केलं. आम्ही भांडलो.

"तुम्हाला जायचंच नाहीये," बायको म्हणाली. आवाज न चढवता, समोर बघत.

"असं कोण म्हणतं?"

"कोणी म्हणायला कशाला हवं? इतकी वर्षं बघतेय मी. गोव्याला तुमच्या ऑफिसच्या मित्राच्या लग्नाला पैसे होते. तेव्हा बजेट कुठे गेलं होतं?"

"ते वेगळं."

"काय वेगळं, तेच सांगा. एकदा तरी तोंड उघडून सांगा."

सई दोन खुर्च्या पुढे होती. ती मागे वळली नाही. पण तिची मान अशी ताठ झाली की मला कळलं, ती ऐकते आहे, आणि तिला उत्तर काय वाटतं तेही कळलं. बाबाला आपल्याबरोबर जायचं नाही. एवढाच अर्थ तिनं लावला होता, आणि माझ्या गप्प बसण्यातून दुसरा अर्थ निघतही नव्हता. त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. अण्णांनी शिट्टी वाजवली.

"भांडण आयतु. हे इथे झालं ते बरं झालं, तिथे होणार नाही. अक्का, सरबत आणा. निपाणीकर, तुम्ही थांबा. टाकी धुवायची आहे."

टाकी म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी, उंच चौथऱ्यावर बसवलेली, बाजूला लोखंडी शिडी. ती धुवायला माणूस येतो हे मला ठाऊक होतं. त्याचे पैसे मीच वर्गणीत देत होतो. पण अण्णा म्हणाले, "माझे गुडघे दुखतात. तुम्ही स्वल्प वर चढून बघा, झाकण नीट बसलंय का." मी थोडा चढलो आणि थांबलो. पाय शिडीला चिकटल्यासारखे झाले. खालून अण्णा म्हणाले, "तेवढंच पुरे. उतरा. पुढच्या रविवारी बघूया."

पुढच्या रविवारी पुन्हा झाकण. त्याच्या पुढच्या रविवारी झाकणाची कडी. प्रत्येक वेळी काहीतरी थोडं वरचं काम निघायचं. अण्णा शिडीचे पाय धरून खाली उभे राहायचे आणि वर न बघता गप्पा मारायचे: राजाजीनगरात पूर्वी किती झाडं होती, कारखान्याची बस कशी चुकायची, त्यांच्या पत्नी पुरणपोळीला होळिगे म्हणून सासूशी कशा भांडायच्या. एका रविवारी मी टाकीचं झाकण उघडलं आणि आत पाहिलं. टाकी लख्ख होती. माणूस आदल्याच दिवशी धुवून गेला होता.

"काय दिसतंय?" अण्णांनी खालून विचारलं.

"घाण आहे थोडी," मी म्हटलं.

"असणारच," ते म्हणाले. "पुसा."

मी स्वच्छ टाकी पुसली. वरून गल्ली दिसत होती, झेरॉक्सचं दुकान, पलीकडच्या देवळाचा कळस. एका हातानं शिडी धरून मी पुसत राहिलो. आमच्या दोघांत त्या भीतीचं नाव एकदाही निघालं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. माझ्यासारख्या माणसावर एवढी दया दुसऱ्या कुणी केलेली नाही.

शेवटी जायचा दिवस आला. पहाटेच निघायचं ठरलं होतं, पण तिघंही अण्णांच्या शिट्टीच्या आधी जागे होतो. बसमध्ये सई खिडकीशी. गेटाबाहेर रेन ट्रीखाली वर्तमानपत्रं पसरून आम्ही चपात्या खाल्ल्या. आमचं बघून आणखी एका कुटुंबानं डबे उघडले. त्यांना अण्णांनी आमचं लोणचं दिलं आणि पोटात नेण्याचा सिद्धान्त समजावला.

आत गेल्यावर पोरं पाळण्यांकडे पळतात. आम्ही आधी बाहेर पडायचे दरवाजे पाहिले. सगळे. अण्णांचा नियमच होता: कुठेही आत शिरलं की पहिल्यांदा बाहेरची वाट बघायची. मग त्यांनी एका गुलाबी सिमेंटच्या हत्तीपाशी थांबून जाहीर केलं, "चुकामूक झाली तर जमायची जागा ही." सईचा जीव वरखाली होत होता. "अण्णा, आता जाऊ?" "जा," ते म्हणाले, आणि ती जी सुटली ती बायकोचा हात ओढतच. माझी बायको, जी घरी मोठ्यानं हसतही नाही, ती पाण्याच्या घसरगुंडीवरून किंचाळत खाली आली, उठली, आणि मला न विचारता परत रांगेत जाऊन उभी राहिली.

लाटांच्या तलावात मात्र अण्णांनी गोंधळ केला. सई जरा खोल पाण्याकडे गेलेली दिसली आणि त्यांचा हात आपोआप गळ्याकडे गेला. सगळ्या नोकरीची सवय त्या फुंकेत होती. अख्खा तलाव थांबला. माणसं पाण्यातून निघून काठावर यायला लागली, आया पोरांना खेचायला लागल्या, आणि तलावाचा जीवरक्षक स्वतःची शिट्टी हातात धरून इकडे तिकडे बघत राहिला. लोक मुकाट्यानं बाहेर येताहेत हे पाहून अण्णांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं, ते मी विसरणार नाही. जीवरक्षक पोरगेला होता, पण शहाणा. जवळ येऊन नमस्कार करून म्हणाला, "अंकल, ही माझ्याकडे राहू दे. जाताना गेटवर घ्या." अण्णांनी शिट्टी काढून दिली. त्यांचा गळा एकदम उघडा वाटायला लागला.

दुपार कलल्यावर सई म्हणाली, "आता मोठा पाळणा."

मोठा पाळणा सगळ्या पार्कात उंच होता. चौघांनी बसायचे डबे, कमरेएवढा कठडा, वरून छत. रांग नागमोडी होती, अगदी अण्णांच्या खुर्च्यांसारखी. सई माझ्यापुढे उभी होती. बायको आणि अण्णा मागे, पिशव्या घेऊन. रांग पुढे सरकत होती.

"सई," मी म्हटलं. "मला उंचावर भीती वाटते."

ती वळली.

"खूप वाटते. पहिल्यापासून. पैशांचंही होतं, पण म्हणून नव्हे. मला तुझ्याबरोबर यायचं नव्हतं असं नाही. मला हे तुला दिसू द्यायचं नव्हतं."

मला वाटलं, हसेल. तिचे डोळे भरले.

"मग शाळेच्या ट्रिपला मला का नाही जाऊ दिलंत?"

"चुकलो," मी म्हटलं.

ती पुढे तोंड करून उभी राहिली. रांगेची दोन वळणं आम्ही तसेच गेलो. मागे बायको सगळं ऐकत होती. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि मोकळ्या झालेल्या हातानं माझ्या पाठीवर थोपटलं, एकदाच.

फाटकाशी आल्यावर सई म्हणाली, "माझ्याशेजारी बसायचं. डोळे मिटले तरी चालेल. पण बसायचं."

"बसतो."

डबा समोर येऊन थांबला. सई चढली, बायको चढली. मी चढलो, आणि चौथी जागा रिकामी राहिली. अण्णा फाटकाशीच उभे होते, दोन्ही हातांत पिशव्या, चेहरा उतरलेला.

"अण्णा, या की."

"तुम्ही या जाऊन. मी खाली आहे. सामान बघतो."

"सामान इथे ठेवायला जागा आहे. या."

त्यांनी वर बघितलं, अगदी वरपर्यंत. मग हळूच म्हणाले, "माझी तालीम झालेली नाही."

तेव्हा मला कळलं. सगळ्या गल्लीची तालीम घेणारा हा माणूस न केलेल्या कशाच्याही वाटेला कधी गेलाच नव्हता. बससुद्धा आधी एकट्यानं करून पाहिली होती त्यांनी. पाळणा तेवढा राहिला होता. आणि त्या दिवशी गळ्यात शिट्टीही नव्हती. पाळणेवाला घाई करत होता. मी कधी कुणाला आग्रह केलेला माणूस नाही. पण मी वाकून त्यांच्या हातातल्या पिशव्या घेतल्या आणि म्हटलं, "अण्णा, ही तालीमच समजा. खरा प्रयोग पुढच्या वर्षी."

त्यांनी विचार केला. "सरी," ते म्हणाले आणि चढले.

पाळणा फिरायला लागला. मी कठडा धरला होता, डोळे मिटून. कानाशी सई सांगत होती, "आता झाडांएवढे आलो. आता झाडांच्या वर. बाबा, हत्ती दिसतोय, एवढास्सा." मग पाळणा थांबला. खाली कुणी तरी चढत असणार. वारा लागत होता, डबा जरासा हलत होता, आणि माझ्या दुसऱ्या मनगटावर कुणाची तरी घट्ट पकड बसली होती. मी डोळे उघडले. आम्ही अगदी टोकावर होतो. खाली तळी, लाल कौलं, दूरवर धुरकट बेंगळुरू. समोरच्या बाकावर अण्णा डोळे गच्च मिटून बसले होते. त्यांच्या एका हातात माझं मनगट होतं आणि दुसऱ्या हातात कठडा. बोटं पांढरी पडली होती.

मला हसू आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी उंचावर हसलो.

"अण्णा," मी म्हटलं, "मढं कठडा धरत नाही."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. ओठ तेवढे हलले.

"अरे, मेलोय कुठे अजून?" अण्णा म्हणाले. "म्हणून तर धरलाय."